फिल्मचा रोल आज येतो कुठून आणि घ्यायचा कसा: कारखान्यापासून आपल्या कॅमेऱ्यापर्यंत

घरातला जुना कॅमेरा कपाटातून निघाला, शटर वाजतंय, मीटरची सुई हलतेय, की लगेच पुढचा प्रश्न येतो, आता रोल कुठे मिळणार? मिळतो, आजही नवा बनून येतो, पण पूर्वी कुठल्याही स्टुडिओच्या काउंटरवर टांगलेला असायचा तसा सहज दिसत नाही, आणि मग माणूस ऑनलाइन जो पहिला दिसेल तो मागवतो. मीपण तेच केलं होतं. पहिले पाच रोल एका विक्रेत्याकडून घेतले, तारीख विचारली नाही, माल कुठे ठेवला होता ते विचारलं नाही, आणि धुवून आल्यावर पाचही रोलचे रंग गढूळ, सावलीत सगळीकडे दाणेच दाणे. त्यानंतर मी हा माल कोण बनवतं, कोणाच्या हातून फिरत आपल्यापर्यंत येतो हे नीट समजून घेतलं, आणि तेव्हापासून खरेदीत फसलो नाही. तेच इथे क्रमाने लिहितोय.

पायरी १: आधी लॅब, मग रोल

बहुतेक जण आधी रोल घेतात आणि मग तो धुणार कोण ते शोधत बसतात. उलट करा. तुम्हाला परवडणारी, विश्वासाची लॅब कोणती प्रोसेस, म्हणजे फिल्म धुण्याची कोणती रासायनिक पद्धत, करते ते आधी विचारा. साधा कलर निगेटिव्ह असेल तर सी-४१, ही प्रोसेस अजून बऱ्याच लॅबमध्ये होते. स्लाइड फिल्म, म्हणजे जिच्यावर निगेटिव्हसारखे उलटे नाही तर सरळ खरे रंग येतात ती, उदाहरणार्थ फुजीची वेल्व्हिया ५० किंवा कोडॅकची एक्टाक्रोम ई१००, तिला ई-६ लागते आणि ती करणाऱ्या लॅब खूप कमी उरल्यात. ब्लॅक अँड व्हाइट घरी बाथरूममध्येसुद्धा धुता येतं. त्यात एक अपवाद लक्षात ठेवा, इलफर्डचा एक्सपी२ सुपर हा ब्लॅक अँड व्हाइट असूनही सी-४१ मध्येच धुतात, त्यामुळे ज्यांच्या लॅबमध्ये फक्त कलर होतं त्यांना तो फार सोयीचा पडतो. आणि सिनेमाची फिल्म, तिची प्रोसेस ईसीएन-२, तिच्याबद्दल पुढे सविस्तर बोलू कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

साइजपण एकदा पक्की करून घ्या. ३५ मिमी कॅमेऱ्याला लागतो तो १३५, हा कॅसेटमध्ये येतो. मीडियम फॉरमॅटला १२०, हा कागदात गुंडाळलेला असतो. १२० ही साइज १९०१ पासून आणि १३५ ची कॅसेट १९३४ पासून चालत आलीये, म्हणून इतके जुने कॅमेरे आजही वापरता येतात. पण तुमच्या हातातला कॅमेरा ६२०, १२७ किंवा असल्याच एखाद्या साइजचा निघाला तर रोल शोधण्याआधी थांबा, या साइज आता सहज मिळत नाहीत, तो खर्च तुम्हाला झेपतोय का ते बघा.

पायरी २: डब्यावरचं नाव आणि आतला माल

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दुकानात किंवा साइटवर वीस-पंचवीस ब्रँड दिसतात, पण फिल्मवर इमल्शनचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या रसायनाचा, थर चढवणारे मोठे कारखाने जगात बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. अमेरिकेत रॉचेस्टरला कोडॅक, इंग्लंडमध्ये मोबर्लीला हार्मन म्हणजेच इलफर्ड बनवणारे, चेक रिपब्लिकमध्ये ह्राडेत्स क्रालोवेला फोमा, जपानमध्ये फुजी, बेल्जियममध्ये मोर्टसेलला आगफा-गेव्हर्ट. शिवाय जर्मनीत अॅडॉक्स आणि ओर्वो, इटलीत फेरानिया, चीनमध्ये लकी असे लहान-मोठे आहेतच. बाकी बरेचसे ब्रँड यांच्यापैकीच कोणाचा तरी माल आपल्या डब्यात घालून विकतात.

कोडॅकचं उदाहरण घ्या म्हणजे गुंता कळेल. ईस्टमन कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०१३ मध्ये कंपनी त्यातून बाहेर आली. या घडामोडीत फोटोच्या फिल्मचा विक्रीचा धंदा कोडॅक अलारिस नावाच्या वेगळ्या कंपनीकडे गेला, आणि तिची मालकी आली इंग्लंडमधल्या कोडॅक कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडाकडे. म्हणजे रोल बनवणार रॉचेस्टरची ईस्टमन कोडॅक, विकणार अलारिस, आणि सिनेमाची फिल्म मात्र ईस्टमन कोडॅक स्वतःच विकणार. २०२४ मध्ये अलारिस एका गुंतवणूक कंपनीने विकत घेतली. मग २०२५ मध्ये ईस्टमन कोडॅकने कोडाकलर १०० आणि २०० हे रोल काढले आणि ते अलारिसला मध्ये न घेता थेट डिस्ट्रिब्युटरना द्यायला सुरुवात केली. आता दुकानात पिवळे डबे शेजारी शेजारी दिसतात पण ते दोन वेगळ्या वाटांनी आलेले असू शकतात, त्यामुळे एक मिळतोय आणि दुसरा महिनोन्महिने गायब, असं होऊ शकतं.

फुजीचंही तसंच. हिरव्या डब्यातला फुजीफिल्म २०० किंवा ४०० हातात घेऊन मागची बाजू वाचा, बऱ्याच डब्यांवर मेड इन यूएसए लिहिलेलं दिसेल, म्हणजे तो जपानमध्ये बनलेला नाही. निओपॅन अॅक्रॉस २०१८ मध्ये बंद झाला आणि २०१९ मध्ये अॅक्रॉस २ म्हणून परत आला, त्याच्या डब्यावर मेड इन यूके असतं. माल वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, अॅक्रॉस २ मला फार आवडतो. सांगायचं इतकंच की ‘फुजीचे रंग’ म्हणून जुन्या आठवणीवर पैसे घालत असाल तर आधी डब्याची मागची बाजू वाचा.

याचा खरा फायदा खिशाला होतो. केंटमियर हा हार्मनचाच स्वस्तातला ब्रँड आहे, इलफर्डच्या शेजारी त्याच कारखान्यात बनतो. अमेरिकेत अरिस्टा ईडीयू अल्ट्रा नावाने मिळतो तो आतून फोमा. रोलाय नावाच्या काही ब्लॅक अँड व्हाइट रोलमध्ये आगफा-गेव्हर्टची विमानातून नकाशासाठी फोटो काढायची फिल्म असते, म्हणून तिची लाल रंगाकडची नजर नेहमीच्या फिल्मपेक्षा जास्त तेज. आणि आगफाफोटो नावाचा डबा दिसला तर त्याचा जुन्या आगफाशी नावापुरताच संबंध, आगफाफोटो कंपनी २००५ मध्येच बुडाली, आता फक्त नाव लायसन्सवर चालतं. एकच फिल्म दोन नावांनी मिळत असेल तर जी स्वस्त आणि ताजी असेल ती घ्यायची, साधा हिशोब.

पायरी ३: साखळी समजून घ्या, म्हणजे तुटवडा का होतो ते कळेल

कारखान्यात मीटरभराहून जास्त रुंद आणि खूप लांब अशा पट्ट्यावर अंधारात इमल्शनचा थर चढवतात, मग तो थोरला रोल कापून ३५ मिमीच्या पट्ट्या काढायच्या, भोकं पाडायची, कॅसेटमध्ये गुंडाळायचं, डबे भरायचे. हे यंत्र चार रोलसाठी चालू करत नाहीत, एकदा एका प्रकारची मोठी बॅच काढतात आणि मग त्याची पाळी परत कधी येईल ते ऑर्डरवर ठरतं. तिथून माल जातो त्या-त्या देशाच्या किंवा खंडाच्या डिस्ट्रिब्युटरकडे, तिथून होलसेलर, मग दुकान किंवा लॅब, मग आपण. मोठी ऑर्डर देणाऱ्या दुकानाला आधी माल, लहान दुकानाला उरलं तर. म्हणून एखादा रोल एका ठिकाणी ढिगाने आणि दुसरीकडे वर्षभर ‘आउट ऑफ स्टॉक’.

कारखाना थांबला की परिणाम आपल्यापर्यंत येतोच. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोडॅकने रॉचेस्टरचं फिल्मचं उत्पादन काही आठवडे मुद्दाम बंद ठेवून यंत्रणा सुधारली, म्हणजे मागणी वाढल्यामुळे त्यात पैसे घातले, आणि ही आपल्यासाठी चांगलीच बातमी. उलट फुजीने प्रो ४००एच जानेवारी २०२१ मध्ये बंद केल्याचं जाहीर केलं आणि उरलेला स्टॉक लोकांनी वाट्टेल त्या भावाने उचलला. एखादा रोल बंद झाल्याची बातमी आली की घाईने ढीग घेऊ नका, त्याच वेळी भाव सगळ्यात चढलेला असतो. आपलं काम कोणत्या दुसऱ्या रोलवर भागेल ते बघा आणि त्याची एक टेस्ट करा.

पायरी ४: कोणाकडून घ्यायचा

माझ्या मते पहिली पसंती अशा लॅबला जी रोल विकते आणि धुतेसुद्धा. तिथे माल पटापट फिरतो, शेल्फवर पडून राहत नाही, आणि रोलमध्ये काही गडबड निघाली तर ती त्यांच्याच डोळ्यासमोर निघते त्यामुळे वाद कमी. दुसरी पसंती फक्त फिल्मवर चालणाऱ्या ऑनलाइन दुकानांना, त्यांच्याकडे तारीख लिहिलेली असते, कोल्ड स्टोरेज असतं की नाही ते विचारलं की सरळ सांगतात. काही कंपन्या स्वतःच्या साइटवरून थेट विकतात, फोमा, लोमोग्राफी, सिनेस्टिल, पोलरॉइड वगैरे, पण कुरियर आणि कस्टम ड्युटी धरून बघितल्याशिवाय ते स्वस्त आहे असं समजू नका.

सगळं काही विकणाऱ्या मोठ्या साइट्सवर मात्र जपून. तिथे वर कंपनीचं नाव असतं आणि विकणारा भलताच कोणीतरी असतो, ‘सोल्ड बाय’ समोर काय लिहिलंय ते वाचा. एकाच पानावर दहा विक्रेत्यांचा माल असतो, आलेला रोल कोणाच्या गोडाऊनमधून आला ते कळत नाही. परदेशातून परस्पर आणलेला माल, ज्याला ग्रे मार्केट म्हणतात, तो खोटा नसतो, फिल्म तीच असते, पण तो वाटेत कुठल्या उन्हात किती दिवस उभा होता याची जबाबदारी कोणी घेत नाही आणि तक्रार केली तर त्या देशातला अधिकृत डिस्ट्रिब्युटर हात वर करतो.

नव्या फिल्मसाठी आगाऊ पैसे गोळा करणाऱ्या योजनांबद्दल एक शब्द. फेरानियाने २०१४ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे केले, त्यांचा पी३० हा ब्लॅक अँड व्हाइट रोल लोकांच्या हातात पडायला २०१७ उजाडलं. जुना कारखाना परत उभा करणं किती अवघड असतं ते यावरून कळतं. मला अशा प्रयत्नांबद्दल खूप आदर आहे, पैसे जरूर द्या, फक्त पुढच्या महिन्यातल्या लग्नाच्या फोटोंसाठी त्या रोलवर अवलंबून राहू नका.

पायरी ५: ऑर्डर देण्याआधी हे विचाराच

एक्सपायरी कोणत्या महिन्याची? डब्याचा खराखुरा फोटो पाठवता का? माल कुठे ठेवता, फ्रिजमध्ये, एसी खोलीत की साध्या कपाटात? ऑर्डर किती रोलची, कारण फोटोत पाच रोलचा प्रो पॅक असतो आणि किंमत एका रोलची असते, किंवा उलट. ३६ फोटोंचा की २४ चा? या शेवटच्या प्रश्नाने भाव एकदम बदलतो, म्हणून मी नेहमी रोलची किंमत न बघता एका फोटोचा खर्च काढतो, म्हणजे रोल अधिक धुलाई अधिक स्कॅन भागिले फोटो. असं केलं की स्वस्त वाटणारा २४ चा रोल बऱ्याचदा महाग निघतो कारण धुलाई आणि स्कॅनला पैसे तेवढेच पडतात.

छोट्या ब्रँडच्या रोलला आणखी दोन प्रश्न. पहिला, कॅसेटवर डीएक्स कोड आहे का? १९८३ मध्ये कोडॅकने आणलेली ही काळ्या-चंदेरी चौकोनांची खूण, ऑटोमॅटिक कॅमेरा त्यावरूनच आयएसओ, म्हणजे फिल्म प्रकाशाला किती वेगवान आहे तो आकडा, ओळखतो. कोड नसेल तर बरेच पॉइंट अँड शूट कॅमेरे आयएसओ १०० धरून चालतात, आणि तुमचा रोल ४०० चा असेल तर प्रत्येक फोटो दोन स्टॉप जास्त एक्स्पोज होतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश, दोन म्हणजे चौपट). दुसरा प्रश्न, कोणत्या प्रोसेसला धुवायचा?

आता सिनेमाच्या फिल्मचं. कोडॅकच्या व्हिजन३ फिल्मचे १२२ मीटरचे डबे येतात, ते कापून कॅसेटमध्ये भरले की एका डब्यातून ३६ चे सत्तरच्या आसपास रोल निघतात, त्यामुळे अनेक लहान ब्रँड याच धंद्यावर उभे आहेत. या फिल्मच्या पाठीवर वर्षानुवर्षं काजळीसारखा एक काळा थर असायचा, त्याला रेमजेट म्हणतात. तो थर असलेला रोल चुकून नेहमीच्या सी-४१ मशीनमध्ये गेला तर काळं केमिकलमध्ये उतरतं आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या लोकांचे रोलसुद्धा खराब होतात. कोणाच्या तरी बारशाचे, कोणाच्या तरी आजीचे शेवटचे फोटो असतील त्यात, म्हणून लॅबला न सांगता असा रोल देणं मला गुन्ह्यासारखंच वाटतं. सिनेस्टिल ८००टी वगैरे रोलमध्ये हा थर आधीच काढलेला असतो, ते सी-४१ ला बिनधास्त चालतात, दिव्यांभोवती जी लाल प्रभा दिसते ती तो थर काढल्यामुळेच. २०२५ पासून कोडॅकने व्हिजन३ रेमजेटशिवाय, वेगळ्या थराची बनवायला घेतली आहे, पण बाजारात जुना आणि नवा दोन्ही माल फिरतोय, तेव्हा विक्रेत्याला विचारा आणि उत्तर गुळमुळीत आलं तर रोल रेमजेटवालाच आहे असं धरून चाला.

पायरी ६: किती घ्यायचे

पहिल्यांदा घेत असाल तर एकाच प्रकारचे दोन किंवा तीन. एक पूर्ण काढून धुवून बघा, मग ठरवा. आवडला आणि वर्षाला दहा-बारा लागतात असं दिसलं तर वर्षभराचे एकदम घ्या, कारण कंपन्या भाववाढ बरेचदा वर्षाच्या सुरुवातीला लागू करतात आणि दुकानदारांना ते थोडं आधी कळतं, ओळखीचा दुकानदार असेल तर सांगतोही. एकदम घेताना सगळे एकाच इमल्शन नंबरचे, म्हणजे एकाच बॅचचे, मागा, हा नंबर डब्यावर तारखेजवळच छापलेला असतो. कोडॅकच्या १२० च्या काही बॅचमध्ये मागे एकदा कागदावरचे आकडे फोटोत उमटत होते, तेव्हा कोणत्या बॅचला त्रास आहे ते इमल्शन नंबरवरूनच ठरवलं गेलं. ज्यांनी डबे फेकून दिले होते त्यांना दाखवायला काही उरलं नाही. म्हणून रोल धुवून येईपर्यंत डब्याचा तो तुकडा जपून ठेवा.

ब्लॅक अँड व्हाइट भरपूर काढत असाल तर १०० फुटी बल्क रोल घ्या. त्यात ३६ चे अठरा-एकोणीस रोल बसतात, एक बल्क लोडर (लांब फिल्म कॅसेटमध्ये भरायचं साधन) आणि रिकाम्या कॅसेट लागतात, खर्चात चांगला फरक पडतो. मात्र कॅसेटच्या तोंडाचं मखमल घाणेरडं असेल तर पूर्ण रोलवर एक सरळ ओरखडा येतो, त्यामुळे एक कॅसेट अनंत काळ वापरू नका.

पायरी ७: पार्सल आल्यावर

लगेच उघडा, तारीख बघा, सील बघा, १२० असेल तर पाकीट फुगलेलं किंवा फाटलेलं नाही ना बघा, फोटो काढून ठेवा. कोडॅक पोर्ट्राच्या माहितीपत्रकात २१ अंश सेल्सियस किंवा त्याखाली, मूळ सीलबंद पाकिटात ठेवा असं दिलंय. थोडक्यात फ्रिज उत्तम, फ्रीझर जास्त दिवसांसाठी. डबा फ्रिजमधून काढला की लगेच झाकण उघडू नका, बाहेरच्या हवेतलं पाणी थंड फिल्मवर धरतं, दोन तास तसाच बाहेर राहू द्या, फ्रीझरमधला असेल तर रात्रभर.

इन्स्टंट फिल्मला, म्हणजे काढल्या काढल्या फोटो हातात देणाऱ्या फिल्मला, हा नियम लावू नका. पोलरॉइडच्या पाकिटात रसायनं असतात, ती फ्रीझरमध्ये गोठली की फोटो गेला, फ्रिजच्या साध्या कप्प्यात ठेवा आणि डब्यावरच्या उत्पादन तारखेपासून वर्षभरात वापरा. आणि घेताना बघा, पोलरॉइडच्याच आय-टाइप फिल्मच्या पाकिटात बॅटरी नसते, त्यामुळे जुन्या पोलरॉइड ६०० कॅमेऱ्यात ते चालत नाही. फुजीच्या इन्स्टॅक्सचं सोपं आहे, मिनी, स्क्वेअर, वाइड, आपल्या कॅमेऱ्याचं घ्या आणि मोकळे व्हा.

एक्सपायर्ड रोल घ्यावा का

घ्या, पण जे फोटो पुन्हा काढता येतील त्यांच्यासाठीच. ब्लॅक अँड व्हाइट आणि कमी आयएसओची फिल्म जास्त टिकते, कलर आणि ८००, १६०० वगैरे लवकर उतरते, कारण आजूबाजूचं नैसर्गिक रेडिएशन वेगवान फिल्मला जास्त लागतं आणि ते फ्रीझरमध्येही थांबत नाही. कलर निगेटिव्हला दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त प्रकाश द्यायचा असा ढोबळ अंदाज वापरतात, पण रोल थंड जागी होता की गाडीच्या डिकीत, त्यावर सगळं बदलतं. ‘सतत फ्रीझरमध्ये होता’ असं सगळेच विक्रेते लिहितात. एकाच लॉटचे पाच असतील तर एक आधी टेस्टला काढा.

प्रवासात नेताना

विमानाने जाणार असाल तर रोल चेक-इन बॅगेत कधीच टाकू नका, तिथली एक्स-रे मशीन जास्त ताकदीची असतात. हातातल्या बॅगेसाठीसुद्धा आता बऱ्याच विमानतळांवर सीटी स्कॅनर आलेत आणि कोडॅक, इलफर्ड दोघांनीही न धुतलेली फिल्म त्यातून नेऊ नका असं सांगितलंय. रोल पारदर्शक पिशवीत एकत्र ठेवा, रांगेत पुढे पोचण्याआधीच हात वर करून ‘फिल्म आहे, हाताने तपासाल का’ म्हणून विनंती करा, शांतपणे सांगितलं की बहुतेक ठिकाणी ऐकतात. नाही ऐकलं तर काढलेले रोल त्याच गावातल्या लॅबमध्ये धुवून घेऊन मग निघायचं, धुतलेल्या निगेटिव्हला एक्स-रेने काही होत नाही.